चमच्यांखालचे अर्थ

इंग्लंडातल्या एली गावच्या शब्दकोश-कचेरीत प्रत्येकाला कधी ना कधी एखादा खाष्ट शब्द भेटतोच. अँब्रोज टिडमार्श यांना 'रन' भेटला. बायको गेल्यावर माणसाला काहीतरी उद्योग हवा असतो हे खरं, पण इतका नको. आपल्याला वाटतं, रन म्हणजे पळणं, फार तर क्रिकेटमधली धाव. इंग्रजांचं नाकही रन होतं, नदीही, दुकानही, धुण्यातला रंगही, आणि बाईचा मोजा उसवला तर तोसुद्धा.

गावोगावचे वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत आणि टिडमार्श त्यांचे अर्थवार ढीग लावत. कचेरी पुरेना म्हणून ढीग घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. उडू नयेत म्हणून प्रत्येकावर काहीतरी वजन. ढीग पक्का होईपर्यंत चिठ्ठीवर अर्थ लिहायचा नाही, ही त्यांची शिस्त. तोवर खूण वजनाचीच: सुरीखाली पळून जाणं, मोठ्या चमच्याखाली कारभार चालवणं, चहादाणीखाली वाहणं.

शनिवारी मुलीचं, विनिफ्रेडचं लग्न होतं. मुख्य संपादक डॉ. क्रूम पाहुणे म्हणून येणार आणि जाताना तयार शब्द नेणार होते. तयार नसेल तर तो कचेरीतल्या परगेटरला. 'चीज' हा शब्द पुरा करताना आजारी पडलेल्या परगेटरला.

लग्नाच्या सकाळी टिडमार्श खाली आले तर टेबल लख्ख. मेहुणी हेस्टर चमचे पुसत होती.

"पाहुण्यांना काय हाताने जेवू घालायचं होतं? आणि तोंड पाडू नका, तुमचा एक कागद टाकलेला नाही. आकाराप्रमाणे लावलेत."

"आकाराप्रमाणे," टिडमार्श म्हणाले.

"मोठे खाली, छोटे वर. फीतही बांधलीय."

ते जमिनीवर बसले आणि फीत सोडली. पहिली चिठ्ठी नाकाची, दुसरी नळाची. हे दोन ढीग होते की एक? अख्खा हिवाळा त्यांनी यावर स्वतःशी भांडण केलं होतं. तिसरी चिठ्ठी ओघळणाऱ्या मेणाची.

"पपा, घंटा वाजायला लागल्या," विनिफ्रेड दारात उभी होती.

"विनी, मेण नाकासारखं वाहतं की नळासारखं?"

"आज माझं लग्न आहे, पपा."

"हो गं. पण काल मला कळत होतं. आता सगळं एकच वाटतंय, नाहीतर कशाचंच कशाशी नातं नाही."

पांढऱ्या झग्यासकट ती खाली बसली. तिने त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि दंडाला धरून त्यांना उठवलं.

चर्चमध्ये मुलीला नवऱ्याशेजारी उभं केलं आणि आपल्या जागेवर जायचं सोडून टिडमार्श सरळ क्रूमांच्या बाकाशी गेले. पाद्री तोंड उघडून थांबला.

"परगेटरला द्या," ते पुटपुटले. "माझ्याच्याने होत नाही."

क्रूम भला माणूस, हीच पंचाईत. "कालच विचारलं त्याला," ते हळूच म्हणाले. "त्याने राजीनामा दिला. तुमच्याकडेच राहू द्या, टिडमार्श. सावकाश होऊ द्या."

टिडमार्श तिथेच बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. मागच्या बाकावरून हेस्टरने रुमाल दिला आणि शेजारणीला सांगितलं, "फार जीव आहे हो मुलीवर."