बाळंतिणीच्या खोलीतला जावई

संडासाचं दार मी हातानं बडवत होते आणि आतून जावई म्हणत होता, "काही नाही झालं मामी, तुम्ही जा." चाळीचा सामाईक संडास. बाहेर बादल्या घेऊन दोन बायका खोळंबलेल्या. एक म्हणाली, "भरदुपारी पिऊन बसला असंल." जावई पीत नव्हता. थोड्या वेळानं आतून आवाज यायचाच बंद झाला. मी खालच्या गॅरेजवाल्या चाचांना हाक मारली. त्यांनी पहार घालून कडी उचकटली.

तो भिंतीला टेकून पडला होता. लेंग्याची नाडी सुटलेली, एका हातानं ती त्याला बांधता आली नव्हती. ओरडू नये म्हणून शर्टाची बाही चावून चावून ओली केली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. उजव्या हाताला माझ्या नातीचं लंगोटाचं फडकं गुंडाळलं होतं. चाचांनी ते सोडलं आणि तोंड फिरवलं. हात मनगटापर्यंत काळा पडला होता आणि सडला होता.

घरात मी होते, माझी मुलगी होती, आणि आमच्यादेखत हे झालं. कसं झालं ते सांगते.

कुरुळीतल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये तो पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. मी त्याच शेडमध्ये पॅकिंगला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे तेवढा वेळ हात बाहेर राहतात. पण त्यात माल कमी निघतो. म्हणून आमच्याकडचे गडी एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवायचे. एक बटण कायमचं दाबलेलं, एका हातानं दुसरं दाबायचं आणि दुसऱ्या हातानं पत्रा सरकवायचा. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा.

जावई लातूरकडचा, नवा. तो दोन्ही बटणं दाबायचा. त्यावरून त्याला ऐकवायचे, "काय राव, बांगड्या भर की! मामींकडं असतील जास्तीच्या." मामी म्हणजे मी. एक दिवस त्यानंही पाचर ठोकली, आणि मग सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आम्हा बायकांना प्रेसजवळ येऊ देत नसत. बायका घाबरतात म्हणायचे. घाबरतात हे खरं आहे. माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

त्याची उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. दवाखान्यातून सोडलं तेव्हा डॉक्टरनी बजावलं होतं, एक दिवसाआड येऊन ड्रेसिंग करायचं, चुकवायचं नाही. त्याच सुमाराला माझी मुलगी माझ्याकडे बाळंत झाली होती. जावयाचं दुसरं कोणी इथं नव्हतं. म्हणून एकाच खोलीत मधे साडीचा पडदा बांधून एका बाजूला बाळंतीण ठेवली, दुसऱ्या बाजूला जावई.

बाळंतिणीकडे सगळी चाळ यायची. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी शेपूची भाजी, कोणी नुसतीच डोक्यावर हात फिरवून गेली. पोट दुखतं का, पाठ दुखते का, झोप लागते का, सगळं विचारायच्या. पडद्याच्या अलीकडे बसलेल्याला कोणी विचारलं नाही. माझ्या शेजारणीनं त्याच्याकडे बघून मलाच म्हटलं, "गडीमाणूस हाय, त्याला काय व्हतंय." तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. सगळे असंच म्हणतात.

मी नवऱ्याचं आजारपण काढलं आहे, सासऱ्याचंही. पुरुषाला दुखतं. बाईला दुखतं तेवढंच दुखतं. नवरा शेवटी आईच्या नावानं हाका मारायचा, आणि त्याच्या मयताला माणसं म्हणाली, वाघासारखा गेला. मी मान हलवली. त्यांना तसंच ऐकायचं होतं.

जावई डाव्या हातानं माझ्यासमोर जेवायचा नाही. सासूपुढं डाव्या हातानं घास घ्यायची त्याला लाज. मी ताट ठेवून पाठ फिरवायची, तरी भाकरी तशीच राहायची. चमचा दिला तर म्हणाला, "लेकरांचं आहे ते." त्याला भरवणं मला शोभलं नसतं आणि त्याला सोसलं नसतं. त्याची नाडी बांधून द्यायचा तर प्रश्नच नव्हता.

एकदा कंपनीतले दोघं भेटायला आले. मी चहा टाकला.

"काय भावा, पोरगी झाली अन् हात देऊन बसला!" एक म्हणाला.

"मर्द गडी हाय. महिन्यात डाव्या हातानं प्रेस चालवंल," दुसरा म्हणाला. त्यानंच त्याला पहिल्या ड्रेसिंगला गाडीवर नेलं होतं. "पण मामी, तिथं काय बोंबलला माहितीय का? सगळा वार्ड गोळा झाला. मला वाटलं, ह्याचीच डिलिव्हरी हाय!"

सगळे हसले. पडद्यामागून माझी मुलगीही हसली. सगळ्यात मोठ्यानं जावई हसला.

त्यानंतर तो म्हणाला, आता मी एकटा जाईन. ठरल्या दिवशी तो नीट भांग पाडून बाहेर पडायचा, दोन-तीन तासांनी परत यायचा. "झालं का ड्रेसिंग?" "झालं मामी." पुढं त्यानं स्वतः सांगितलं, तो तळवड्याच्या रस्त्यावर बसस्टॉपला बसून राहायचा आणि परत यायचा. आत गेलो असतो तर परत ओरडलो असतो, म्हणाला. वरची पट्टी मळली की दोरीवरचा लंगोट घेऊन त्यावर बांधायचा.

वास येत होता. पण बाळंतिणीच्या खोलीला वास असतोच. शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून मी दोन वेळा धुरी द्यायची. तेल, दूध, ओली फडकी. त्या धुरात सडलेल्या हाताचा वास मिसळून गेला. मुलगी एकदा म्हणाली, "आई, काहीतरी मेलंय बघ कुठं." मी पेटीखाली उंदीर शोधला.

संडासातून त्याला चाचांनी उचललं, नाडी मी बांधली. टेम्पोत मागं त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पिंपरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर आला. डॉक्टरनी हाताला हात लावून विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," जावई म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "पाव्हणं, लाज सोडा आता. पोरगी हाय तुमाला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "लई दुखतंय, मामी. लई दिवस झाले." आणि तो ओरडायला लागला, गाय ओरडते तसा. बाकावरचे लोक माना वळवून बघायला लागले. एक जण हसला. चाचा त्या हसणाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले तेव्हा तो गप झाला. मग चाचा मागं वळून म्हणाले, "चिल्ला बेटा, चिल्ला."

विष अंगात पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आज हात काढू, पण जगेल असं सांगत नाही. माझी मुलगी ओली बाळंतीण, ती तान्ह्या पोरीला घेऊन रिक्षानं आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही.

शेडमधल्या त्या प्रेसवर दुसरा माणूस बसला. मी आठवडाभरानं परत कामाला गेले तेव्हा बघितलं, पाचर त्याच बटणात होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवी होती. मी काम सोडलं.

हात कोपरापासून काढला. जावई जगला.