त्रेचाळीसातून अठरा

मद्रासला आले तेव्हा मला तमिळमधलं ओ की ठो कळत नव्हतं. यजमान सकाळी आठला रेल्वेच्या कचेरीत निघून जात आणि मी मैलापूरच्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसे. साताऱ्याला शिक्षिकेचं शिक्षण पुरं करून मी काय इडलीचं पीठ फुगायची वाट बघत बसणार होते? त्यामुळे तंजावरी मराठी कुटुंबांनी चालवलेल्या एका छोट्या शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला तेव्हा मी हरखून गेले. पण नेमणूक कच्ची, तीन महिन्यांची. मोठ्या बाई माझा गणिताचा एक तास बघणार आणि मग ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. ती नोकरी गेली असती तर मी पुन्हा त्या भिंतींपुढे बसले असते, आणि ते मला अजिबात नको होतं.

बेरजा मुलं पटापट करत. मग हातच्याची वजाबाकी आली आणि माझ्यातली कथेकरीण जागी झाली. फळ्यावर मी दोन घरं काढली, एक एककांचं, एक दशकांचं. "एककांच्या घरी पाहुणे आले, साखर कमी पडली. मग काय करायचं? शेजारच्या दशककाकूंकडून वाटीभर आणायची!" मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश. त्रेचाळीसातून अठरा वजा करायला सांगितले.

मग पाट्या बघितल्या. पंचवीस एकाचंही नाही. सगळ्यांचं उत्तर पस्तीस. आणि पुढच्या रांगेत, दोन्ही वेण्यांवर अबोली माळून बसलेल्या एका पोरीच्या पाटीवर तर पंचेचाळीस!

"अगं, हे कुठून आणलंस?" मी कडाडले. राग तेव्हा माझ्या नाकावरच असे.

"वाटी परत केली, टीचर," ती शांतपणे म्हणाली. "दिवा लावायच्या आत परत करायची असते की. सगळ्यांनी केली. पण त्यांनी घेतलं तेवढंच दिलं. आमची अम्मा थोडं वर घालून देते. म्हणून मी दशककाकूंना घेतलेला दशक दिला आणि वर एक जास्तीचा दिला."

मला इतकं हसू आलं की हातातला खडू खाली पडला. पोरं शेजारधर्माला जागली होती, चुकले होते मी. दशक कुणी परका शेजारी नव्हताच. गाठीशी असलेली दहाची जुडी सोडायची, एवढंच सांगायचं होतं. पण मला गोष्टींची हौस!

दुसऱ्या दिवशी मी नारळाच्या खराट्याच्या काड्या घेऊन गेले, आणि फुलवाली गजरे गुंफते तो केळीचा दोरा. "काल मी चुकीचं शिकवलं," असं वर्गाला सांगून टाकलं. मुलांनी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या, तीन सुट्या. त्यातून अठरा काढायच्या. तिनांतून आठ निघेनात, तेव्हा त्यांनी एक जुडी सोडली, सुट्या झाल्या तेरा. त्यांतल्या आठ काढल्या, मग एक अख्खी जुडी काढली. उरल्या पंचवीस.

"आता परत कुणाला द्यायचं?" मी विचारलं.

"अय्यो, कुणाला? आपल्याच काड्या!" वर्ग ओरडला. त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेले.

मोठ्या बाई आल्या तेव्हा त्यांनी नेमकी अबोलीवालीलाच फळ्याशी बोलावलं. एकसष्टातून पस्तीस. तिने सव्वीस लिहिलं आणि जुडी कशी सोडली तेही न अडखळता सांगितलं. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच ती पुढे म्हणाली, "आधी टीचरनी चुकीचं शिकवलं होतं. सगळ्यांची उत्तरं चुकली. मग त्यांनीच सांगितलं, माझं चुकलं म्हणून."

झालं! मी मनातल्या मनात नारळ हातात घेतला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"असं वर्गासमोर म्हणालात तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या मुलांकडे वळल्या. "मग काय, ठेवू या का या टीचरना?"

"ठेवा की," अबोलीवाली म्हणाली. "आता कुठे त्यांना यायला लागलंय."

मोठ्या बाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या शाळेत मी पुढे बावीस वर्षं शिकवलं.