आधीच्या भागात काय झालं

गुप्तहेरांचे मारधाडीचे सिनेमे मी कधी पाहत नसे. माझी बायको पाहायची, आणि तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ. असा एखादा मोठा सिनेमा लागला की रविवारी सकाळी मेहुणा ओझरहून गाडी घेऊन नाशिकला यायचा, खालूनच हॉर्न द्यायचा, आणि आम्ही तिघे निघायचो. आत मात्र दोघेच जायचे. मी बाहेरच्या सोफ्यावर पुस्तक उघडून बसायचो. मेहुणा म्हणायचा, "दाजी, तुम्ही पुस्तकाची राखण करा. आम्ही देश वाचवून येतो."

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. घरात तिचा आवाज चढलेला मी फारसा ऐकला नाही. पण थिएटरमध्ये ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते, हे मला मेहुण्याने सांगितलं होतं. लहानपणी दोघं द्राक्षबागेत पाखरं हाकायला बसायची, तेव्हाची ती शिट्टी. सिनेमा सुटला की आम्ही मिसळ खायला जायचो. तिथे दोघं टेबलावर पुन्हा तो सिनेमा मांडायची. पाव म्हणजे ट्रक, पाण्याचा ग्लास म्हणजे धरण, लिंबाची फोड म्हणजे नायक. माझ्या ताटलीतली फोडही बहुतेक वेळा कामगिरीवर गेलेली असायची.

मी महाविद्यालयात साहित्य शिकवलं. त्या सिनेमांत तीच माणसं, तीच संकटं, आणि शेवटी नायक वाचणार हे तिकीट काढतानाच ठाऊक. त्यात एवढं रंगण्यासारखं काय, असं मला वाटायचं. तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "बाहेर बसून कसं कळेल?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार थोडक्या दिवसांचा होता. निदान आम्हाला तो थोडक्या दिवसांचा दिसला. दुखणं तिने त्याआधी किती दिवस एकटीने सांभाळलं, ते तिलाच माहीत.

तेराव्याला मेहुणा दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन आला. माहेरच्यांनी द्यायची असते, ती त्याने दिली. टोपी माझ्या डोक्यावर ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून तो काही न बोलता जिना उतरला. आणि त्यानंतर खरोखरच आला नाही.

फोन केला तर त्याची बायको उचलायची. तो विमानांच्या कारखान्यात आहे. पाळी संपवून घरी येतो, जेवतो, मागच्या अंगणात जाऊन बसतो, असं ती सांगायची. एकदा म्हणाली, टीव्हीवर त्याने बहिणीबरोबर पाहिलेल्या एका सिनेमाची जाहिरात लागली होती, दुसरा भाग येतोय म्हणून. त्याने उठून टीव्हीच बंद केला. मग म्हणाली, "दाजी, आम्ही बोलून थकलो. तुम्ही एकदा या."

मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. बायकोचं लहानपण, तिचं गाव, तिचं भांडण, तिचं हसणं या सगळ्याचा साक्षीदार आता तो एकटाच होता. तो असाच गप्प झाला असता तर ती माझ्यासाठी आणखी थोडी नाहीशी झाली असती. आणि तोही हातचा गेला असता, हे वेगळंच. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचा हॉर्न हाच आमच्या घरचा सण होता.

समजूत काढणं मला जमत नाही. भेटायला येणाऱ्यांनी माझी काढली, तेव्हा शब्द किती लवकर झिजतात हे मी पाहिलं होतं. म्हणून मी दुसऱ्या भागाची दोन तिकिटं काढली आणि रविवारी सकाळच्या बसने ओझरला गेलो.

तो अंगणात बसला होता. दाढी वाढलेली. मी तिकिटांचं सांगितलं. तो नकारार्थी मान हलवत राहिला. त्याची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, दाजी कधी नव्हे ते आत बसायला निघालेत, निदान गाडीने सोडून तरी या. मी म्हटलं, माझी एक अडचण आहे. मी पहिला भाग पाहिलेला नाही. आधी काय झालं ते कळल्याशिवाय मी काय पाहणार?

"मोबाईलवर हाय की तो. बघून घ्या."

"एकट्याने बघवत नाही," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

तो उठून शर्ट बदलून आला.

गाडी हमरस्त्याला लागली. दहावा मैल नावाचा फाटा मागे पडल्यावर, समोरचा ट्रक पुढे जाऊ देईना तेव्हा, जणू त्या ट्रकवरच रागावून त्याने सुरुवात केली. एक हेर आहे. त्याच्या जोडीला एक बाई आहे, ती विमान चालवते. दोघांना ज्याने कामावर धाडलं तो साहेबच फितूर. "हे ताईनं पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं," तो म्हणाला. "म्हणली, ह्याचा चष्मा बघ, मुख्याध्यापकासारखा पुसतोय." पुढे बाजारपेठेतला पाठलाग आला. "इथं ताई म्हणली, एवढी फळं सांडली, त्या गाडीवाल्याचं काय?" मग बर्फातली मारामारी. "इथं ताईनं शिट्टी मारली. पुढच्या रांगेतला एक जण मागं वळला, तर ही त्याच्याकडं बघून म्हणती, पुढं बघा, चुकेल."

मी हसलो. सिनेमाची गोष्ट मला जेमतेम कळत होती. पण तीन तास बंद दाराआड बायको काय करायची, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आडगावच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली आणि शेवट सांगितला. ती जोडीदारीण विमान घेऊन धरणावर जाते, स्फोट होतो, पाण्यावर नुसता धूर. नायक काठावर उभा. संपला पहिला भाग. "मी म्हणलो, मेली. ताई म्हणली, नाय. बॉडी कुठं दाखवली? बॉडी दाखवत नाय तोवर ह्या सिनेमात कुणी मरत नसतं. मिसळ थंड होईस्तोवर भांडलो आम्ही."

स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून तो पुढे म्हणाला, "दवाखान्यात मला विचारलं तिनं, दुसरा भाग कधी येतोय रे? मी म्हणलो, आला की सोबत बघू. मला माहीत होतं दाजी. डॉक्टर आदल्या दिवशी बोलले होते. आता मी कोणत्या तोंडानं तिथं जाऊन बसू?"

एकामागून एक वाहनं जात राहिली. मग मी त्याला सांगितलं, जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला ती म्हणाली होती, ह्या वेळी तुम्ही पण आत यायचं. मीही हो म्हटलं. मलाही माहीत होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेराव्यापासून पहिल्यांदाच. "तिला पण माहीत असणार," तो म्हणाला. मी म्हटलं, असणारच, विज्ञानाची बाई होती. त्याने गाडी सुरू केली.

थिएटर भरलं होतं. कॉलेजची पोरं, लेकरांना घेऊन आलेली जोडपी, आमच्या शेजारी ओढणीच्या टोकाने चष्मा पुसणारी एक म्हातारी आणि तिची सून. नायक पडद्यावर आला तो पाठमोरा. नुसते खांदे दिसले आणि सगळं थिएटर ओरडलं. मला ते आधी बालिश वाटलं. मग वाटलं, कीर्तनाला बसलेल्या माणसांना तरी गोष्ट कुठे नवी असते? त्यांना ती पाठ असते, म्हणूनच तर ती येऊन बसतात. पाहुणा दारात दिसला की 'आला!' म्हणतो तसं ते ओरडणं होतं. दुसऱ्या भागात गोष्ट नवी लागते, पण माणसं जुनी लागतात. मधल्या वर्षांत आपल्या घरात कोण कोण कमी झालं, काय काय बिघडलं, आणि हा मात्र तस्साच भिंतीवरून उडी मारतो. त्याचा हेवा वाटायला हवा, पण बरंच वाटतं.

आणि पैसा. तो पडद्यावर अक्षरशः उधळलेला दिसतो. शहरं कोसळतात, पूल वाकतात, आणि थिएटरातल्या कुणाला खरचटतही नाही. इतकं नुकसान कुठलीही भरपाई न देता पाहायला मिळणं हीसुद्धा विश्रांती असेल. मेहुणा मधेच कुजबुजला, "असं वळवलं तर विमानाचे पंख हातात येतील." तक्रारीचा सूर होता, पण कित्येक महिन्यांत त्याने आपणहून काढलेला तो पहिला सूर होता.

हेराचं काम मला तिथे बसून थोडं कळलं. तो जे सोसतो ते त्याच्या जवळच्यांनाही कळता कामा नये. घरी फोन करून 'सगळं ठीक' म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने जखम दाबून धरायची. थिएटरातले अर्धे लोक रोज तेच करत असतील. शाळेत फळ्यासमोर उभी राहून माझी बायकोही तेच करत होती. फक्त तिच्या मागे वाद्यं वाजत नव्हती.

मध्यंतरानंतर नायक एका उजाड विमानतळावर घेरला जातो. गोळ्या संपलेल्या. वरून एक विमान उतरतं. वैमानिक खाली उतरतो आणि हेल्मेट काढायला हात वर नेतो. पडद्यावरची ती बाई परत आली तर ह्या शेजारच्या माणसाचं काय होईल? त्यांची मेलेली परत येतात, आपली येत नाहीत. मी पडद्याकडे न बघता त्याच्याकडेच बघितलं. त्यामुळे ते सुप्रसिद्ध दृश्य मी खरं तर पाहिलेलंच नाही. थिएटर उठून उभं राहिलं. तो बसून होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "ताई जिंकली, दाजी."

पलीकडची म्हातारी सुनेला विचारत होती, ही कोण गं? सून मागचं सगळं सांगू लागली. ते सांगणं आम्हालाही ऐकू येत होतं. मेहुण्याने वाकून तिची एक चूक दुरुस्त केली.

सिनेमा सुटल्यावर त्याने गाडी थेट माझ्या घराकडे घेतली. त्याने जिना चढून चपला काढल्या, तिच्या फोटोसमोर थोडा उभा राहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहू लागला. मी म्हटलं, मला खिचडीच येते. त्याने फोन लावला.

"ऐक, भाकरी टाकून इकडंच ये. बसनं ये. दाजींकडं नुसता तांदूळ हाय."

ती दुपार कलल्यावर भाकऱ्या, ठेचा आणि वांग्याची भाजी घेऊन आली. नवऱ्याची दाढी गालावर तशीच होती, पण तो ताटं मांडत होता. ते बघून ती दारातच क्षणभर थांबली, मग लगेच भांडायला लागली. मला टाकून बघितला ना? आता पुढच्या रविवारी मला न्यायचं. तो म्हणाला, नेतो की, मला पण अजून एकदा बघायचाय. मीही येतो म्हटलं. त्या विमानतळावर नेमकं काय होतं, ते मला अजून बघायचं होतं.

जेवताना ती त्याच्या मागे लागली. ती पायलटीण जिवंत आहे का, एवढंच सांगा. तो भाजी वाढून घेत राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "दाजी, तुम्ही तर शिकलेली माणसं. तुम्ही सांगा."

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून भाकरी मोडली, पण कान इकडेच होते.

"सांगता येणार नाही," मी म्हटलं. "आत येऊन बघायचं."