ओढ्याकाठच्या पाल्याचा गुण

कॉलेजच्या बॉटनी खात्यात वीसेक वर्षं काढली की कपाटात वाळलेली पानं आणि डोक्यात किस्से, दोन्ही साठत जातात. नव्वदच्या दशकातले आमचे बहुतेक किस्से एकाच झाडाचे. झाड कसलं, हातभर रोप. तुळस-सब्ज्याच्या घराण्यातलं. इंग्रजीत जिला सेज म्हणतात, तिची ही रानटी जात. हिवाळ्यात ओढ्याकाठी उगवते, बारीक जांभळट फुलं येतात. आमचे सर तिच्यापायी वेडे झाले होते. हिच्यात औषध आहे असं पुस्तकं सांगतात. पण आपल्या जुन्नर-आंबेगावात ती कोण, कशावर वापरतं, ते त्यांना हवं होतं.

राजुरीत एका बांधावर सर आणि मी ओणवे होऊन तणातली ही रोपं उपटत होतो. शेताचा मालक बराच वेळ बघत उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "पावणं, लई चांगलं काम करताय. तेवढं पलीकडचं वाफंबी घ्या."

सरांनी खरंच घेतले!

आळेफाट्याला जडीबुटीचं दुकान होतं. शेटजी मूळचे राजस्थानचे, मराठी आमच्याहून शुद्ध. त्यांनी परप्रांतातून आलेली बियांची पुडी काढली. सरांनी भिंग लावलं, तर तेच बी. दुकानामागच्या ओढ्यात हीच रोपं माजली होती. शेटजी म्हणाले, "साहेब, ओढ्यातलं कोणी औषध मानत नाही. पुडीतलं मानतात."

आमच्या लॅबमधल्या गेणूभाऊंचं बोट एकदा रोपं दाबायच्या फळ्यांत चेमटलं. रक्त आलं. सर आनंदाने सेजेचा पाला वाटायला धावले. गेणूभाऊंनी हात पाठीमागे लपवला. "सर, आधी टिंक्चर, मग संशोधन."

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला कोंडाजीबाबा राहायचे. जखमांवर पाला देण्यात त्यांचा हातखंडा. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. बाईंच्या पायाची जखम भरत नव्हती. सरांनी त्यांना दवाखान्यातही नेऊन आणलं. गोळ्या चालू होत्या आणि वरून बाबांचा पाला. त्या पाल्याचा वास सरांना ओळखीचा वाटला, पण खात्री नव्हती. हा कशाचा, म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली.

"नाव सांगितलं की गुण जातो, मास्तर. हिचा पाय बरा व्हऊ द्या, मग इचारा."

मला ते थोतांड वाटलं. पुढच्या खेपेला बाबा पाणी आणायला गेले, तसा मी त्यांच्या पाल्याच्या फडक्याची गाठ सोडायला लागलो. सरांनी माझा हात धरला. सर माझ्यावर रागावले ते तेवढं एकदाच, आणि मला त्याची अजून लाज वाटते. नंतरचे तीन हिवाळे आम्ही जात राहिलो. सर बाईंच्या पायाची चौकशी करायचे, पाल्याची नाही.

चौथ्या हिवाळ्यात बाबाच कॉलेजात आले. एसटीने, पहिल्यांदाच. डोकं नुकतंच भादरलेलं. सरांच्या टेबलावर त्यांनी फडकं सोडलं. आत सेजेचं रोप होतं, मुळासकट, ओल्या मातीसकट. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"लिवून घ्या, मास्तर," बाबा म्हणाले. "आता गुण गेला तरी चालंल."