आमच्या पैशाचा उजेड

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: वरच्या मजल्यावर भाडेकरू असूनही घरपट्टी भरताना मी 'स्वतः राहतो' असंच लिहीत आलो. बंगळूरमध्ये हे आपलं आपणच लिहायचं असतं, आणि भाड्यानं दिलेल्या घराला कर दुप्पट पडतो.

समोरच्या अक्कांच्या माडीवरही भाडेकरू आहे, पण त्या खरं लिहितात. कर भरून आल्या की राजाजीनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला म्हैसूरपाक वाटतात. संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा लागला की हात जोडतात. "आला बघा आमच्या पैशाचा उजेड!" त्या दिव्याखाली कुणी गाडी लावली, तर त्याला तिथंच झाडतात, "स्वल्प सरका हो! अंगण आहे आमचं!"

एकदा पालिकेचा माणूस तपासणीला आला. मी फाटकातच उभा होतो, तरी माझ्या वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे त्यानं अक्कांना विचारलं.

"त्यांनाच विचारा की," अक्का मान ताठ करून म्हणाल्या. "आमच्या गल्लीत कुणी खोटं बोलत नाही."

"भाचा आहे माझा," मी म्हणालो.

त्या माणसानं तसंच लिहून घेतलं. तेव्हापासून अक्का मला म्हैसूरपाक देताना दोन वड्या जास्त ठेवतात. "ह्या तुमच्या भाच्याला, अण्णा."

यंदा मी 'भाडेकरू' असं लिहिलं. त्या संध्याकाळी दिवा लागला, तेव्हा मीही मान वर करून पाहिलं.

मागच्या वर्षांचा कर अजून भरायचा आहे. आणि तो माझा भाचा नाही, हे अक्कांना माझ्या तोंडानं सांगायचं आहे.