त्या दुपारी माझ्या अंगात काहीही आले नव्हते

गेली चार वर्षे मी आमच्या बिरोबाच्या यात्रेत ढोलापुढे उभा राहिलेलो नाही. याची तीन कारणे गावात सांगितली जातात आणि तिन्ही खोटी आहेत. आळेफाट्यावर गॅरेज चालवणारा माझा सख्खा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांना चहा पाजता पाजता सांगतो की, भुताचा सिनेमा पाहून दादाने धास्ती घेतली. देवभोळी मंडळी सांगतात की, त्या थिएटरात देव माझ्या अंगात आला, पण जागा विटाळाची निघाली म्हणून तो रुसला. आणि आमच्या शाळेवर नव्याने आलेले विज्ञानाचे शिक्षक सांगतात की, म्हातारा आयुष्यभर सोंगच करत होता, त्या दिवशी ते उघडे पडले. त्याच शाळेत मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले आहे. न पाहिलेल्या गोष्टीवर ऐकीव निबंध लिहिणाऱ्या मुलांना मी कधी गुण दिले नाहीत. या तिघांनाही देणार नाही.

माझ्या बाजूचे एक प्रथम सांगून टाकतो. आमचे घराणे धनगराचे. आमच्या घरात बिरोबाचे वारे येते. वडिलांच्या अंगात येत असे, त्यांच्यानंतर माझ्या येऊ लागले. चैत्रात ढोल वाजू लागला, कपाळाला भंडारा लागला की माझे अंग थरथरू लागते, आणि लोक पुढे येऊन पाऊसपाणी, सोयरीक, हरवलेली मेंढरे यांविषयी विचारतात. त्या घटकेला मला काय होते ते मी जाणतो. ते कोणाला पटवून देण्याचे कंत्राट मी घेतलेले नाही. मात्र ते ढोलापुढे होते, देवापुढे होते. पडद्यापुढे होत नाही.

तो सिनेमा आला तेव्हा त्याच्याआधी त्याची कीर्ती आली होती. कोणा नवरीच्या अंगात सैतान शिरतो, अशी काही कथा. जुन्नरला एक जण खुर्चीतच गार पडला म्हणे. एका बाईने घरी येऊन तीन दिवस आरशावर चादर टाकून ठेवली म्हणे. तळेघरच्या डोंगरातून माणसे दोन-दोन कोस चालून एसटी गाठत होती आणि सिनेमा पाहायला खाली उतरत होती. खिशात लिंबू घेतल्याशिवाय आत जायचे नाही, असा दंडकच पडला होता. मी या कशाकडे लक्ष दिले नसते. पण आमच्या गावकऱ्यांच्या डोक्यात एक अजब विचार आला: सिनेमातली बाधा खरी की बनावट, याचा निवाडा जाणकाराने करावा. जाणकार म्हणजे मी.

"दादा, तू नुसता बघ," भाऊ म्हणाला. "डाक्टरला एक्सरे दावतेत का न्हाई, तसं तुला दावतोय."

"आणि मी बनावट आहे म्हटले तर?"

"मंग आमी घाबरणार न्हाई. उगं आधीच कशाला घाबरायचं राव?"

दुपारच्या खेळाला आम्ही नऊ जण त्याच्या जीपमधून निघालो. त्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिच्या बारा वर्षांच्या मुलीला वर्षभरापासून आकडी येत असे. मुलगी वर्गात, पाणवठ्यावर, कुठेही ताठ होऊन पडे आणि तोंडाला फेस येई. घरात सासूचा शब्द चाले, आणि सासूच्या मते ही बाधा होती. मढच्या पलीकडे डोंगरात एक देवऋषी आहे. माणसाला साखळीने बांधून मिरच्यांची धुरी देतो, असा त्याचा लौकिक. येत्या अमावास्येला मुलीला तिथे नेण्याचे ठरले होते. सून दवाखान्याचे नाव काढी म्हणून सासूने तिला मुद्दाम सिनेमाला धाडले होते. सुनेने मला ते जीपमध्ये सांगितले.

"म्हणाल्या, बघून ये बाधा कशी असती ती. मंग म्हण डाक्टर डाक्टर."

सिनेमागृहात काय झाले हे सांगणारे पुष्कळ आहेत, पण माझ्यासारखे डोळे उघडे ठेवून पाहणारे थोडे होते. माझ्या रांगेतल्या निम्म्या बायांनी पदर डोळ्यांवर घेतला होता आणि त्या कानांनी सिनेमा पाहत होत्या. पुढची पोरे पडद्याकडे पाठ करून, घाबरलेल्या लोकांची तोंडे मोबाइलवर टिपत होती. माझ्या मागचा एक गृहस्थ सिनेमा दुसऱ्यांदा पाहत होता. "आता भिंतीवर चढती बघा," असे दर वेळी आधी सांगायचा आणि ती चढली की सर्वांत मोठ्याने तोच ओरडायचा. ही सगळी माणसे उसाच्या रानात राहतात. बिबट्याने दारातले कुत्रे नेले तर सकाळी उठून दुसरे बांधतात. तीच माणसे एका रंगवलेल्या तोंडाला भिऊन किंचाळत होती, याची मला लाज वाटली. भाऊ तर खिशातले लिंबू इतके दाबून धरत होता की त्याचा सदरा ओला झाला. मी घाबरलो असे सांगत फिरणारा साक्षीदार तो हाच.

मला भीती वाटली नाही. मला संताप आला, आणि तो सैतानाचा नव्हता. सिनेमाच्या उत्तरार्धात एक दाढीवाला मांत्रिक येतो. तो त्या नवरीचे हातपाय खाटेला बांधतो, केस धरून तिचे डोके आपटतो, तिच्या नाकाशी धूर धरतो. ती पुरुषी आवाजात शिव्या देते, मग स्वतःच्या आवाजात आईला हाक मारते, आणि मांत्रिक म्हणतो, फसू नका, हा त्याचाच कावा आहे. यावर लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. "हाण अजून," असे कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. माझ्यापासून तीन खुर्च्यांवर ती आई बसली होती. तिने मात्र पदर घेतला नव्हता. ती एकटीच टक लावून पाहत होती, आणि ती पडद्यावर कोणाला पाहत होती हे कळायला अंगात वारे यावे लागत नाही.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सोडा तिला."

मी हे मोठ्याने म्हणालो, हे खरे. छत्तीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलण्याची सवय आहे. आता थरथरण्याविषयी. दोन तास पाय मुडपून बसल्याने माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. उठताक्षणी गुडघा लटपटला, मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि ती खुर्ची सैल असल्यामुळे मीही तिच्याबरोबर हललो. बस, एवढेच घडले. पण यात्रेत मला थरथरताना पाहिलेल्या माणसांनी अंधारात मला थरथरताना पाहिले आणि पुढचे स्वतःच ठरवले. "आलं, वारं आलं," असे कोणीतरी म्हणाले. दोन रांगा उठल्या. चांगभलं झाले. पडद्यावरच्या सैतानाकडे कोणी पाहीना. एकाने माझ्या कपाळाला लावायला भंडारा शोधला, तो नव्हता, म्हणून त्याने खिशातले लिंबू माझ्या पायाशी ठेवले.

आणि ती आई खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि माझ्या पायांवर पडली.

"देवा, सोडा म्हणालास. कुणी धरलंय माझ्या लेकीला?"

इथे माझा पहिला गुन्हा घडला. तो मी लपवत नाही. 'बाई, मी तुझा गुरुजी आहे, ऊठ,' असे म्हणणे माझे कर्तव्य होते. मी तसे म्हणालो नाही. मी म्हणालो, "कोणी धरलेले नाही. तो मेंदूचा आजार आहे. उद्या सकाळी तिला दवाखान्यात ने. देवऋष्याच्या दारात नेलीस तर माझ्याशी गाठ आहे." मी आवाज बदलला, असे जे म्हणतात ते खोटे बोलतात. माझा आवाज रागाने फाटला होता. पण ती मला देवा म्हणत होती आणि मी ते म्हणू दिले, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथून पुढे पुण्याला धाडले. तपासण्या झाल्या, अपस्मार असे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. देवाचा कौल म्हटल्यावर घरात कोणी आडवे आले नाही.

एक जण वगळून. अमावास्येला चार दिवस राहिले असताना सकाळी सासूबाई माझ्या ओट्यावर आल्या. ती बाई मूर्ख नव्हती आणि दुष्ट तर नव्हतीच. नातीला आकडी आली की तिचे डोके मांडीवर घेऊन तीच बसे. पावसाळ्यात ओढा पार करून तिला पाठंगुळी शाळेत आणून सोडणारीही तीच. तिने कमरेची पिशवी सोडली आणि हळदीचा भंडारा पाटावर ओतला.

"मास्तर, लोकं काय बी म्हंत्यात. मला खरं सांगा. त्या थेटरात देव आला व्हता, का तुमी आलं व्हता?"

"कोण बोलले याने काय फरक पडतो? सांगितले ते बरोबर आहे ना?"

"पडतो की. तुमी काय डाक्टर हाय व्हय? तुमच्या शब्दावर मी पोरीला गोळ्या घालू? देवाच्या शब्दावर घालीन. ठिवा हात."

मी तिला विचारले, देव नव्हता म्हटले तर काय करशील.

"गोळ्या बंद. अवसंला मढच्या पल्याड. झाली तयारी."

माझ्या वडिलांनी मला सांगून ठेवले होते की, भंडाऱ्यावर हात ठेवून खोटे बोललेल्या माणसाने पुन्हा ढोलापुढे उभे राहू नये. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. तो मोडला तर विचारणारेही कोणी नाही. म्हणूनच तो पाळावा लागतो. मी तिला दवाखान्याचे कागद समजावून सांगायला हवे होते, असे आजही काही शहाणे म्हणतील. त्यांनी त्या बाईला काही समजावून दाखवावे. मी तिला तीस वर्षे ओळखत होतो.

मी हात ठेवला आणि म्हणालो, "देव आला होता."

तिने भंडारा भरून पिशवीत घेतला, नातीच्या कपाळाला लावते म्हणाली, आणि गेली. अमावास्या गेली. मुलगी गोळ्या घेत राहिली. त्या चैत्रात ढोल वाजला तेव्हा मी घरीच बसलो, आणि पुढच्या प्रत्येक चैत्रात घरीच बसलो. का, ते सांगता येत नव्हते. सांगितले असते तर सासूबाईंनी त्याच दिवशी गोळ्यांची बाटली ओढ्यात फेकली असती. या मौनाचा फायदा घेऊन ज्याने त्याने आपापले कारण रचले.

सासूबाई गेल्या मार्गशीर्षात वारल्या. मुलीला दोन वर्षांत एकदाही आकडी आलेली नाही, डॉक्टर गोळी कमी करतो आहे. म्हणून फाल्गुनात मी त्या आईच्या रानात गेलो. ती टोमॅटोच्या ओळीत तारांना सुतळी बांधत होती. तिला मी सगळे सांगितले: थिएटरातले, ओट्यावरचे, आणि मी हे लिहिणार आहे हेही. ती सुतळी बांधतच राहिली. मग थांबली.

"म्हंजी त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले?"

"हो."

"आन् चार वर्सं बिरोबाला नारळ फोडतेय ते?"

"फोडत राहा. त्यात देवाचे काही बिघडलेले नाही."

ती जराशी हसली, पण ते हसू टिकले नाही. "गुरुजी, एक सांगू का? लिवा तुमी. नाव घालू नका. पर पोरगीच्या हातात पडलं तर ती काय वाचंल? माझ्यापायी गुरुजींचा देव गेला. हे वझं तिच्या डोक्यावर कशापायी?"

हे मला सुचले नव्हते, आणि विद्यार्थिनीने ते सुचवावे हे मला रुचलेही नाही. मी तिला बजावले की, माझा देव कोणी घालवलेला नाही. मुलीने नाही, सासूने नाही. खोटे मी बोललो, समजून उमजून बोललो, आणि उद्या तोच पाट, तोच भंडारा, तीच अमावास्या समोर आली तर पुन्हा बोलेन. फक्त बिरोबासमोर जायला मला लाज वाटते.

"मंग लाजा की," ती म्हणाली. "पर घरात बसून कशाला? लोकं येत्यात तसं ढोलाच्या मागं येऊन लाजा. तिथं काय निस्ती खरं बोलणारीच उभी ऱ्हात्यात व्हय?"

वर्गात उलट उत्तर दिल्याबद्दल मी या मुलीला एकदा बाकावर उभे केले होते, ते मला आठवले. काठी घेतली आणि बांधावरून परत आलो.

या चैत्रात मी यात्रेला गेलो. ढोलापुढची जागा मोकळीच होती. ती मी मोकळीच ठेवली. मागे, बायकापोरांच्या गर्दीत, अनवाणी आणि पटका न बांधता, ढोल थांबेपर्यंत उभा राहिलो. तिचे म्हणणे पटले म्हणून गुरुजी आले, असे तिने सांगत फिरू नये. मला जायचे होते, म्हणून मी गेलो.