डोकं हुंगणारी बाई

नेरूळच्या दवाखान्यात मला रोज काचेच्या नळकांड्यात झोपवून दाबाखाली ऑक्सिजन देत. मधुमेहाने चिघळलेला पायाचा अंगठा त्यानेच वाचला तर वाचणार होता. नळकांड्याचं दार लावणारी बाई आधी प्रत्येकाचं डोकं हुंगायची. पहिल्याच दिवशी मी सापडले.

“कोनाला फसवतंस गो आजे? तेल हाय! आत भडका उरंल. चल, डोका धू.”

गंमत बघा, तरुणपणी सासूबाई तेलाची वाटी घेऊन मागे लागायच्या, तेव्हा मी भुरभुरते केस आणि नायलॉनची साडी मिरवत पळायचे. स्वतःला नटी समजायचे, दुसरं काय! आता म्हातारपणी चोरून तेल लावते.

आत कानांना दडे बसले की ही काचेपलीकडून म्हशीसारखा रवंथ करून दाखवायची. मला हसू फुटायचं आणि कान मोकळे व्हायचे.

परवा डॉक्टर म्हणाले, “अंगठा वाचला, आजी. उद्यापासून सुट्टी.”

ड्युटी संपवून ती गेटापाशी आली, मला बाकावर बसवलं आणि पर्समधून खोबरेल काढून माझ्या टाळूवर चांगलं थापलं. मग सवयीने हुंगलं.

“आता ये बघू परत! आत घेनारच नाय तुला.”